मशीनच्या मापाचा हार

झेंडूचा वास कडू असतो. ज्यांनी झेंडू फक्त देवापुढं पाहिला आहे, त्यांना हे सांगून पटत नाही. चार दिवस तोडणी केली की तो वास बोटांत शिरतो. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. घास तोंडाशी आला की आधी झेंडू लागतो, मग पोळी. आश्विन लागल्याचं आमच्या घरात कॅलेंडर बघून कोणी सांगत नाही. वरण कडू लागलं की आश्विन लागला.

यंदाही लागला आहे. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला आमचं दोन एकर रान आहे, निम्म्यात वांगी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर, निम्म्यात झेंडू. शेजारच्या वावरात सोयाबीनची मळणी चालू आहे. तिचं भुसकट दिवसभर हवेत तरंगतं आणि मानेवर घामाला चिकटून खाजतं. ऊन असं की सकाळी नवालाच पाठ सोलून काढतं. लोक याला सणासुदीचे दिवस म्हणतात. म्हणोत. मला या दिवसांत एकटं वाटतं, आणि का वाटतं ते मला नेमकं माहीत आहे. उगाच हुरहूर वगैरे म्हणून ते झाकायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे.

आमचा खरा धंदा गाड्यांच्या हारांचा. देवाचे हार सगळेच करतात. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, दसऱ्याला गाड्या धुतल्या जातात, आणि सोनं वाटायला निघण्याआधी प्रत्येक गाडीच्या नाकावर झेंडू लागतो. बाबा गिऱ्हाइकाला हाराची लांबी विचारत नाहीत. विचारतात, "कोनत्या गाडीचा?" गाडी कळली की माप कळलं. फटफटीचा दीड हात, ऑटोचा अडीच, ट्रॅक्टरचा त्याहून मोठा, आणि ट्रकचा हार दोघांनी दोन टोकं धरून न्यावा लागतो. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी इतक्या गाड्यांच्या नाकांची मापं हातानं मोजली होती आणि एकही गाडी चालवली नव्हती. आमचा छोटा टेम्पो बाबाच चालवायचे. घरात आम्ही दोघंच. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी म्हटलं, मी शिकते. बाबा म्हणाले, "शीक माय. पन माह्या गाडीवर नाई. पयले दुसऱ्याची ठोक."

म्हणून चार वर्षांपूर्वी भादव्यात मी अमरावतीतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. एक गाळा, काचेचं दार आणि आत एसी. एसीत बसायचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग, त्यामुळं पहिला आठवडा मला सगळंच पटत गेलं. खोलीच्या मध्यभागी मशीन होतं. खऱ्या कारची एक खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल, हाताशी गिअरची दांडी, समोर भिंतीएवढा पडदा. शाळेची खरी गाडीही होती, नाही असं नाही. ती गाळ्याच्या मागं उभी असायची आणि तिच्या बोनेटवर मांजर झोपायचं. "बॅटरी येऊन राहिली," असं शाळा चालवणारे सर महिनाभर सांगत होते. तोवर पडदा.

पडद्यावरचं गाव मी अजून डोळे मिटून काढून दाखवीन. रुंद रस्ते, लाल कौलांची घरं, सगळी झाडं एका उंचीची. सिग्नल लागला की सगळे थांबत. म्हैस नाही, खड्डा नाही, गतिरोधक नाही, लग्नाची वरात नाही. स्टिअरिंग रिकाम्या घागरीसारखं हलकं. एक निळ्या शर्टाचा माणूस मात्र दर फेरीला त्याच वळणावर रस्ता ओलांडायचा, मान न वळवता, एका चालीत.

"हा जावई हाय," ज्योती म्हणाली. "पाय ना कसा चालून राहिला. सासुरवाडीत आल्यावानी. कोनाकडं पाह्याची गरजच नाई त्याले."

ज्योती म्हणजे मशीनवर बसणारी मुलगी. अकोल्याची, माझ्याच वयाची, बी.ए. झालेली, अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहणारी. शिकणाऱ्याचं नाव कॉम्प्युटरवर टाकायचं आणि बटणं दाबायची, एवढं तिचं काम. एका बटणावर पाऊस, एका बटणावर धुकं, एकावर रात्र. चहाला विचारावं तसं ती विचारायची, "काय देऊ वं? धुकं देऊ का थोडंसं?" मशीनला खुर्ची एकच. त्यामुळं ती माझ्या मागं उभी राहायची, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मी वळण चुकवलं की तो हात घट्ट व्हायचा, हे मला पाठीत कळायचं.

दुपारी एक ते तीन कोणी यायचं नाही. सर जेवायला घरी जात. त्या कॉम्प्युटरवर कोणीतरी शर्यतीचा गेम घालून ठेवला होता, आणि आम्ही दोघी बारी-बारीनं तो खेळायचो. समुद्राच्या कडेनं जाणारा रस्ता, लाल चपटी गाडी, कठड्यावर घासली की ठिणग्या. समुद्र आम्ही दोघींनीही पाहिलेला नव्हता. ती तीनशेच्या वेगानं त्याच्या कडेनं जायची आणि ओरडायची, "धर माय, धर मले!" मी मागून तिचे खांदे धरायचे. गाडी जागची हलत नव्हती, तरी धरायचे. कड्यावरून खाली पडलो की पडदा काळा व्हायचा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर उभी, धुवून पुसून. ज्योती म्हणायची, "असं जर खरंच असतं ना, तर मी पयले बारावीचं गनित पुन्हा देल्लं असतं."

मी तिला झेंडू आणून द्यायचे. ती माझ्यासाठी डब्यात भरडा भात आणायची. त्या दोन महिन्यांत बोलले तितकं मी आधी कोणाशीच बोलले नव्हते. आमच्या रानात बोलायला बाबा आणि वांगी, दोघंही मोजकंच बोलणारे.

खंडेनवमीच्या आधी बाबांच्या फोनवर ज्योतीचा फोन आला. मशीनला हार पाहिजे.

"मशीनले चाकं किती?" बाबांनी विचारलं.

"चाकं नाईत काका."

"चाकं नाईत अन् गाडी कशी?" बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "पाय बरं वं, ही पोट्टी काय म्हनते."

मी दुसऱ्या दिवशी हातानं माप घेतलं. खुर्चीच्या पाठीवरून स्टिअरिंगला वळसा घालून, सव्वातीन हात. बाबांच्या यादीत नवी गाडी आली: मशीन, सव्वातीन. हार घातला, कुंकू लावलं, आणि मग ज्योती लिंबू घेऊन उभी राहिली. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडत गाडी पुढं काढायची, ही आपली रीत. चाकच नाही म्हटल्यावर ठेवायचं कुठं? तिनं दोन मिनिटं विचार केला आणि लिंबू ब्रेकच्या पेडलखाली ठेवलं. मला म्हणाली, "दाब." मी दाबलं. लिंबू फुटलं, रस आत वायरींवर गेला, पडद्यावरचं गाव एकदा लखकन उजळलं आणि विझलं. अर्धा दिवस मशीन बंद. सर लाल झाले. "मशीन हाय का ऑटोरिक्षा हाय हे?" आम्ही मान खाली घालून उभ्या, आणि ज्योतीचं पोट हसण्यानं हलत होतं ते मला कोपराला जाणवत होतं. पुढं कितीतरी दिवस ब्रेक दाबला की लिंबाचा वास यायचा.

परवाना मिळाला. पुढं मी एक पत्रक काढलं, परीक्षेत काय झालं ते त्यात लिहिलेलं आहे, इथं उगाळत नाही. एवढंच सांगते की तो खिशात आला तेव्हा मी खऱ्या रस्त्यावर एकदाही क्लच सोडला नव्हता.

दिवाळीच्या दोन दिवस आधी अकोल्याला फुलं न्यायची होती. परवाना पाहून बाबांचा विश्वास बसला होता. म्हणाले, "चालव." सरकारी शिक्का पाहिला की आमची माणसं अशीच भोळी होतात. मूर्तिजापूरपर्यंत गेलो. पुढं रस्त्याचं काम चालू होतं, दोन्हीकडची वाहनं एकाच बाजूनं. माझ्यापुढं एक ट्रक. त्यानं उजवा इंडिकेटर दिला. मशीननं शिकवलं होतं, उजवा दिवा म्हणजे गाडी उजवीकडं वळणार. मी उजवीकडं पाहिलं. वळायला काहीच नव्हतं, नुसती तूर उभी होती. म्हटलं, दिवा चुकून चालू राहिला असेल. आणि मागं टाकायला गाडी बाहेर काढली.

"समोरून हाय! समोरून हाय!" बाबा ओरडले.

समोर बस. मी स्टिअरिंग डावीकडं ओढलं. डांबराची कड संपली आणि परतीच्या पावसानं भिजलेल्या काळ्या मातीनं चाकं गिळली. टेम्पो म्हशीसारखा हळूच एका अंगावर बसला. करंड्या उलटल्या, रस्ता पिवळा झाला, आणि मागची वाहनं त्यावरून जायला लागली. चिरडलेल्या झेंडूचा वास काय असतो ते मला तेव्हा कळलं. बाबांचं उजवं मनगट मोडलं होतं. ते धरून बसले होते.

ट्रकवाला थांबून मागं आला होता. वयानं मोठा. त्याला राग नव्हता, नवल वाटत होतं. "बेटा, मैंने इशारा दिया था ना?"

"मुझे लगा आप मुड़ रहे हो."

"कहाँ मुड़ूँगा? खेत में?"

आमच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकचा उजवा दिवा म्हणजे थांब, समोरून येतंय. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला धुक्यात गाडी चालवण्याचे गुण मिळाले होते.

नंतर बाबांनी शिकवलं, प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून, आधी वावराच्या वाटेवर, मग डांबरावर. आमच्या टेम्पोचा वेगाचा काटा कधीचाच मेला आहे. बाबा म्हणाले, "काट्याकडं कायले पायतं? मागचा फाळका ऐक. फाळका वाजला म्हनजे साठ." मी ऐकायला शिकले. पन्नासला फाळका, म्हणजे टेम्पोच्या मागची झाकणफळी, गप्प असतो, पंचावन्नला कुरकुरतो, साठला वाजतो, आणि त्यापुढं फुलं दबतात. पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक कोणत्या निंबाच्या आधी येतो, ते पायाला पाठ झालं. रस्त्यात झाडाची फांदी टाकलेली दिसली की पुढं कोणाची गाडी बंद पडली आहे. खिडकीतून क्लिनरचा हात वर-खाली हलला की हळू, पुढं हलला की जा. रस्ताभर माणसं एकमेकांशी बोलत असतात, दिव्यांनी, हातांनी, हॉर्ननी. पडद्यावर कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. जावई तर मानही वळवत नव्हता. मी दोन महिने मुक्या गावात गाडी चालवायला शिकले होते, आणि त्याची किंमत बाबांच्या मनगटानं दिली होती.

मला राग आला. राग येणं बरोबरच होतं, आजही येतो.

अमरावतीतल्या एका छोट्या मंडळात मी तेव्हा नुकतीच जायला लागले होते. उघडी गटारं, बंद दिवे, औषधं नसलेले दवाखाने, असल्या गोष्टींवर पत्रकं काढून चौकात वाटायची, हे आमचं काम. पत्रक कसं लिहायचं ते तिथल्या वडीलधाऱ्या दादांनी शिकवलं होतं. पहिली ओळ चावली पाहिजे. नाव कोणाचं घ्यायचं नाही. आणि एक ओळ अशी पाहिजे की पानठेल्यावर माणसानं ती हसत दुसऱ्याला सांगावी.

मी लिहिलं. मथळा: "पडद्यावर रस्ता, खिशात परवाना". बॅटरीचं लिहिलं, बोनेटवरच्या मांजराचं लिहिलं, परीक्षेचं लिहिलं. आणि पानठेल्यासाठी ही ओळ लिहिली: "या खोलीत खरी वस्तू एकच आहे, ब्रेकखाली ठेवलेलं लिंबू." दादा खूश झाले. म्हणाले, "हे चालते बघ." चाललं. शहरात लोक एकमेकांना विचारायला लागले, "काहो, ब्रेक लागते का, का लिंबू ठेवू?" कोणी तक्रारी केल्या, कोणी पैसे परत मागितले, आणि होळीच्या आत शाळेचं शटर पडलं. मंडळात माझं कौतुक झालं. माझं पहिलं यशस्वी पत्रक.

शटर पडलं त्या आठवड्यात ज्योती आमच्या रानात आली. पहिल्यांदाच आली होती. बांधावर बसली, पर्समधून घडी घातलेलं पत्रक काढलं.

"हे तुनं लिवलं?"

"हाव."

"सगळं खरं हाय. बॅटरीचं, परीक्षेचं. मी तं रोज पायतच होती."

"मंग?"

"मंग काई नाई." तिनं घडी उलगडली, परत घातली. "त्या खोलीत लिंबूच खरं होतं काय वं? मी नव्हती?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याजवळ सगळा वेळ होता. कोणी घाई केली नव्हती. आणि मी तोंड उघडून म्हणाले, "तुझं नाव तर नाही ना घेतलं."

"घेतलं असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "आता समदे मले लिंबूवाली म्हनून राहिले."

मी वांगी दिली. तिनं घेतली नाहीत. नंतर तिनं फोन उचलला नाही. मग मीही करणं सोडलं, कारण आपण खरं बोललो असलो की समोरच्यानं समजून घ्यावं, अशी माझी समजूत होती. माफी मागायची ती खोटं बोलणाऱ्यांनी, असं मी मानायचे. मंडळात हे कोणी तोंडानं शिकवत नाही, पण शिकतो माणूस.

तेव्हापासून आश्विनात अकोल्याच्या फेऱ्या मीच करते. बाबांचं मनगट थंडीत आणि उन्हातही दुखतं. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. कपाशीची बोंडं फुटलेली, मळणीची धूळ रस्त्यावर आडवी आलेली. ते खरं धुकं. त्याला बटण नाही, ते नाकात जातं. सगळं खरं आहे. क्लच पायाला ओढतो, इंजिनचा ताप पोटऱ्यांना लागतो, मागून झेंडूचा वास येतो. आणि शेजारची सीट रिकामी. टेम्पोत तिघं बसतात. त्या मशीनला एकच खुर्ची होती आणि तिच्यात बसून मी एकटी नव्हते. हे मला मूर्तिजापूरच्या पुढं, त्याच तुरीच्या वावराजवळ, दर वर्षी कळतं. कळून काय करायचं ते कळत नाही. ट्रक उजवा दिवा देतो, मी थांबते, समोरून बस जाते. ट्रकवाला डावा दिवा देतो, मी पुढं निघते, एक छोटा हॉर्न देऊन आभार मानते. दिवसभरात माझं एवढंच बोलणं.

फोनवरच्या तिच्या स्टेटसवरून कळलं होतं की ती आता अकोल्यात एका बाजारसंकुलात, वरच्या मजल्यावरच्या गेमच्या दुकानात काम करते. तीन वर्षं कळलेलंच होतं. काल खंडेनवमी. मी बाबांना न सांगता सव्वातीन हातांचा हार ओवला, फुलं उतरवून झाल्यावर टेम्पो संकुलाखाली लावला आणि जिना चढले.

दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. ती काउंटरवर होती. केस कापलेले. तिनं मला पाहिलं, मग हाराकडं पाहिलं.

"मशीनचा हाय," मी म्हणाले.

ती काउंटरबाहेर आली. कोपऱ्यात शर्यतीचं मशीन होतं, नवं, लाल, खुर्च्या दोन, शेजारी शेजारी, दोन स्टिअरिंग, दोन पडदे. एकीनं दुसरीशी शर्यत लावायची. तिनं हाराचं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं. पहिल्या खुर्चीच्या पाठीवरून घेतला, स्टिअरिंगला वळसा घातला. हार तिथंच संपला.

"लिंबू?" तिनं विचारलं.

"नाई आनलं."

"बरं केलं."

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. दुसऱ्या, उघड्या राहिलेल्या खुर्चीवर तिनं हात ठेवला, पूर्वी ठेवायची तसा, पाठीवर.

"एकाच खुर्चीपुरता आनला तुनं," ती म्हणाली.

तेवढ्यात एक कुटुंब वर आलं, टोकन मागायला लागलं, ती काउंटरवर गेली. मी थोडा वेळ उभी राहिले. बस म्हणायला कोणी नव्हतं, जा म्हणायलाही. मग मी उतरले. परत येताना फाळका वाजत होता, ते मला बडनेऱ्याला कळलं. गाडी रिकामी होती, दबायला फुलं नव्हती.

पत्रकात चूक झाली तर पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापायची असते, हेही दादांनीच शिकवलं. म्हणून ही दुरुस्ती. पत्रकातलं बॅटरीचं, परीक्षेचं, परवान्याचं एक अक्षरही मी मागं घेत नाही. पडद्यावर रस्ता नसतो. पण लिंबाची ती ओळ खोटी होती. त्या खोलीत खरं माणूस होतं, माझ्या मागं उभं होतं, आणि ते मला लिहितानाही माहीत होतं.

आज दसरा. सकाळपासून गिऱ्हाइकी चालू आहे. मी बाजूला बसून ओवते आहे, तर बाबांनी विचारलंच.

"हा कोनत्या गाडीचा वं?"

"मशीनचा."

"मशीनचा सव्वातीन हात. हा तं केवढा चालला."

"दोन खुर्च्या हायेत बाबा."

बाबांनी सुईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं टोपलीतली ट्रकच्या हाराला राखून ठेवलेली मोठी फुलं काढून माझ्यापुढं ठेवली. "आजच्या आज पोचन काय?"

दुसऱ्या खुर्चीचं माप मी काल घेतलं नव्हतं. अंदाजानं धरलं आहे, आणि वर एक हात जास्त. कमी पडण्यापेक्षा लोंबलेला बरा. ती घेईल का, मला माहीत नाही. हार ओल्या पोत्यात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला आहे, घसरू नये म्हणून दोरीनं बांधला आहे. आता निघते. पंचावन्नच्या वर जाणार नाही.